गृहप्रवेशाचं दूध आणि वरच्या खोलीतला धूर

गेल्या शनिवारी आमचा गृहप्रवेश झाला. फोटो तुम्ही पाहिलेत, लाइक्सही भरभरून दिलेत... पण त्या फोटोंनंतर काय झालं ते लिहायला आज कुठे धीर होतोय.

अ‍ॅशबर्नचं टाउनहाउस सोडून आम्ही थोडं लांब एक जुनं विटांचं फार्महाउस घेतलंय. इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या कुणा कुटुंबानं आपल्या गावाकडच्या घरासारखंच बांधलेलं. दोन्ही टोकांना उंच चिमण्या, बुटकी दारं, आणि किचनकडे उतरत गेलेली लाकडी जमीन... पेन पडलं की ते किचनमध्ये जाऊनच सापडतं.

माझा नवरा संदीप इथल्या इंटरनेटवर वैतागलेला. पण अमरावतीहून आलेले माझे सासरे, आप्पा, पहिल्या दिवसापासून भिंतींच्या प्रेमात. आयुष्यभर सरकारी बांधकामं केलेला माणूस. एका थरात विटा लांबीनं, त्यावरच्या थरात नुसती विटांची तोंडं, याला इंग्लिश बाँड म्हणतात हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता मी झोपेतही सांगेन.

होमाआधी आपण सगळे इथे जे करतो तेच आम्ही केलं... हॉटेलांतून जमवलेल्या शॉवर कॅप स्मोक अलार्मना घालून टाकल्या. एक अलार्म वाजला की घरभर सगळे कोकलतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनाही. संदीपनं त्याचाही फोटो काढला, गंमत म्हणून.

होम छान झाला. गुरुजी गेले, पाहुणे जेवून निघाले. आप्पांचा जेट लॅग उतरला नव्हता, त्यामुळे कानातलं मशीन काढून ते वरच्या खोलीत जाऊन आडवे झाले. उरलो आम्ही दोघं आणि शैलाकाकू. काकू म्हणजे आमच्या इथल्या आईच... रिटायर्ड डॉक्टर, सगळं आयुष्य अमेरिकेत गेलं, पण रीतभात अगदी पक्की.

दूध उतू घालायचं राहिलं होतं. मी पातेलं स्टोव्हवर ठेवायला गेले तर काकूंनी हात धरला. "इंडक्शनवर कसलं गं गृहप्रवेशाचं दूध? अग्नी दिसायला नको?"

किचनमध्ये माणूस वाकून आत शिरेल एवढी फायरप्लेस आहे, आणि तीही नेमकी पूर्वेच्या भिंतीत. आम्हाला तर तो शुभसंकेतच वाटला. चिमणी तपासणारा पुढच्या आठवड्यात यायचा होता... पण मुहूर्त शनिवारचा, आणि मुहूर्तापुढे आपल्याकडे कुणाचं काय चालतं?

संदीपनं लाकडं पेटवली. धूर सरळ वर गेला, खोलीत जराही आला नाही. दूध फसफसून उतू गेलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, तुम्ही पाहिलात तो फोटो तेव्हाचाच.

वाटीत थोडं दूध घेऊन मी आप्पांना द्यायला निघाले. जिन्यात धुराचा वास आला. मला वाटलं माझ्याच साडीला होमाचा वास लागलाय...

वर पोचले तर त्यांच्या दाराखालून करडं काहीतरी बाहेर येत होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, जोरात. मग आठवलं, मशीन काढलंय.

दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. खोली धुरानं भरली होती. पलंगामागच्या भिंतीतून, विटांच्या सांध्यासांध्यांतून धूर झिरपत होता, कुठेही आग नसताना. त्या क्षणी मला काहीच कळलं नाही. आप्पा कुशीवर, पांघरूण गळ्यापर्यंत, अजिबात हालचाल नाही.

वाटी कुठे पडली आठवत नाही. मी त्यांच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं, ते हलले नाहीत. मी संदीपला हाका मारत राहिले. खाली काहीच ऐकू जात नव्हतं, इतक्या जाड भिंती. खिडकी उघडायला गेले तर ती रंगानं पक्की चिकटलेली. एवढी एकटी मी आयुष्यात कधी नव्हते.

शेवटी काखेत हात घालून मी त्यांना ओढायला लागले, तेव्हा ते खोकले. त्या खोकल्यासाठी मी जन्मभर देवाची ऋणी राहीन. जिन्यापर्यंत आले तोवर धुराचा वास येऊन संदीप धावत वर आला होता, आणि आम्ही दोघांनी त्यांना अंगणात नेऊन बसवलं.

काकूंनी नाडी धरली, संदीपनं ९११ लावला. बंब आला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, आप्पांना ऑक्सिजन लावला. मग कळलं, अशा घरात खालच्या आणि वरच्या फायरप्लेसचे धुराचे मार्ग एकाच भिंतीतून शेजारी शेजारी वर जातात, मध्ये फक्त एका विटेचा पडदा. तिथला चुना केव्हाच भुगा होऊन गेला होता. वरची फायरप्लेस कुणीतरी बुजवून टाकलेली, म्हणून आम्हाला ती साधी भिंत वाटली. अजून थोडा वेळ गेला असता तर आप्पा उठलेच नसते, असं फायरमन म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवलं. आता आप्पा बरे आहेत, अलार्मही उघडे आहेत. तुमच्या घरी कॅप घातलेले असतील तर आत्ता उठा आणि काढा... वाचून झाल्यावर नको, आत्ता.

पण मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच. हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, आप्पा, एवढा धूर झाला, तुम्हाला जाग कशी आली नाही? ते ओशाळून हसले.

"वास आला होता गं मला. वाटलं, आई चूल पेटवतेय... म्हणून पांघरूण ओढून घेतलं."

आता ते दुपारी आडवे झाले की मी काही ना काही निमित्त काढून वर जाते. दार हळूच लोटते, पांघरूण वरखाली होतंय ना ते बघते, आणि मगच खाली येते.