आईला तिचं जेवण पाहायचं होतं

तोंडाच्या कॅन्सरमुळे आईचा अर्धा जबडा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि तिच्या आधी मीच हो म्हणून मोकळी झाले. वर ऑपरेशनची तारीखही मागितली. आईने माझ्या मांडीवर चापट मारली.

"तोंड कोणाचं हाय वं? मले विचार करू दे."

मी चिडले. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग विचार कसला करायचा? पण आई तीस वर्षं सक्करदऱ्यात ब्लाउज शिवते. नवं गिऱ्हाईक आलं की आधी एक तयार ब्लाउज त्याच्या हातात देते, उलटा करून आतली शिलाई पाहायला लावते, मगच कापड ठेवून घेते. डॉक्टरांकडेही तिने तेच मागितलं. हेच ऑपरेशन झालेली एखादी बाई दाखवा म्हणाली.

डॉक्टर भले. त्यांनी अशा एका बाईंना विचारून आम्हाला हुडकेश्वरला त्यांच्या घरी पाठवलं. बाईंचा एक गाल आत गेला होता, बोलणं कान देऊन ऐकावं लागत होतं. मी तब्येतीची चौकशी करत होते, तेवढ्यात आईने विचारलं, "ताई, माह्यासमोर जेवाल काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या, आत गेल्या आणि मऊ वरणभात कालवून घेऊन आल्या. लहानसा घास, ओठातून ओघळलं की रुमालाने टिपायचं, घोटभर पाणी, पुन्हा घास. अर्धा तास लागला. मी कॅलेंडरवरच्या तारखा वाचत बसले. आईने नजर हलवली नाही. भीती तिलाही होती. पदराचं टोक तिने पार चुरगाळून टाकलं होतं. तरी शेवटच्या घासापर्यंत ती पाहत राहिली. एवढी हिंमत माझ्यात नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

जेवण झाल्यावर, बाई नको नको म्हणत असताना, आईने त्यांची वाटी धुऊन ठेवली.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "सांगून दे डॉक्टरले. करा म्हणा ऑपरेशन."

"मी पहिल्या दिवशी हेच तर म्हणत होते," मी फणकारले.

"त्या दिवशी हो म्हटलं असतं तं तुह्यासाठी म्हटलं असतं. आता माह्यासाठी हो म्हणून राहिली."