कललेलं बदक

अमेरिकेत, रेडमंडमध्ये आमच्या शेजारी राहणारे काका अंडंसुद्धा खात नाहीत, आणि शिकाऱ्यांची बदकं दुरुस्त करतात. खरी नव्हेत, प्लॅस्टिकची. शिकारी ती तळ्यात सोडून लपून बसतात, म्हणजे वरून जाणारी खरी बदकं फसून खाली उतरतात.

पुढच्या रस्त्यावरचा एक शिकारी ती पोत्यात भरून आणून देतो. काका एकेक बदक टबात दाबून धरतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतात, पुण्यात सायकलचं पंक्चर शोधतात तसं. मग भोक बुजवायचं, सैल मान घट्ट करायची, एका बाजूला झुकत असेल तर पोटाखालच्या पोकळीत वाळू भरायची. "कललेलं बदक मेलेलं दिसतं," ते मान वर न करता सांगतात.

शेवटची टेस्ट घरामागच्या तळ्यावर होते. परवा मीही गेलो होतो. सहा बदकं पाण्यावर सरळ डुलत होती. थोड्या वेळानं एक खरं बदक त्यांच्यात येऊन उतरलं आणि निवांत पिसं साफ करू लागलं.

"टेस्ट पास," काका म्हणाले. मग उठून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बदक उडून गेलं.

"बसू द्यायचं की, काका."

"नको. सवय लागते त्यांना."

संध्याकाळी शिकारी आला. काकांनी सहाही बदकं पुसून त्याच्या हवाली केली आणि इंग्रजीत गॅरंटी दिली, की खरी बदकं नक्की उतरतील.