सहावा स्क्रू

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लॅपटॉप उघडून बसणारी बाई म्हणजे मोठी धीराची, असं लोकांना वाटतं. डोंबलाची धीराची! मदरबोर्डवर तापलेली सोल्डरिंग गन टेकवण्याआधी आजही मी देवाचं नाव घेते. पण त्या सोमवारी-मंगळवारी घाबरले तशी मी कधीच घाबरले नव्हते.

शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून आमचं घर, आणि घराची पडवी हेच माझं दुकान. सकाळीच तानसाकडच्या एका पाड्यावरची मुलगी दोन गाड्या बदलून आली. ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला नि म्हणाली, "ताई, परत बंद पडतो. मधेच, एकदम."

'परत' ऐकून माझं डोकंच फिरलं. दीड महिन्यापूर्वी तो तापून बंद पडायचा, तेव्हा मीच उघडून पंखा साफ करून दिला होता. "काय केलंस गो? पाडलास ना?" मी खेकसले.

"नाय ताई." मग मान खाली घालून म्हणाली, "काय म्हाईत. पडला पन असेल. बाबा तर तसंच बोलतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरी बसून करायची नोकरी होती, आणि त्यासाठी कंपनीचा तासाभराचा ऑनलाइन पेपर. मागच्या आठवड्यात पेपर निम्मा झाला आणि लॅपटॉपनं मान टाकली. हातापाया पडून तिनं एकदाच पुन्हा संधी मिळवली होती, मंगळवारी अकरा वाजता. परत बंद पडला तर कायमची बाद. मी माझं दुसरं मशीन देऊ केलं, तर कंपनीनं हेच नोंदवून घेतलेलं, दुसऱ्यावर पेपर उघडतच नाही. आणि पेपर बुडाल्या दिवसापासून बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

मी झाकण काढायला घेतलं. माझी एक पद्धत आहे. भाकरीच्या उकडीचा गोळा ताटात थापायचा आणि निघेल तो स्क्रू आपापल्या जागी त्यात रोवायचा. डोकी वर, अंग पिठात. कुठला कुठं बसतो याचा घोळ होत नाही. सासूबाई म्हणतात, "लोकांच्या घरी पिठाच्या भाकऱ्या होतात, आमच्याकडं खिळे पिकतात."

उघडा लॅपटॉप दोन तास गुमान चालला. अडॅप्टर ठीक, बॅटरी ठीक, रॅम बदलून पाहिली, पंखा फिरतोय, ताप नाही. रोग सापडत नाही म्हटल्यावर भीती वाढायला लागली, कारण सापडलेल्या रोगावर उपाय तरी असतो. शेवटी झाकण लावून तिला म्हटलं, तू चालवून दाखव. ती टाइप करायला लागली, डावा तळहात खाली टेकला आणि पडदा काळा. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बघा, माझ्याच हातानं होतं," ती म्हणाली.

दाबल्यावर मरतोय, म्हणजे आत काहीतरी बोर्डाला टेकतंय. मी एकेक स्क्रू काढायचा, चालू करायचं, दाबून बघायचं, असं सुरू केलं. पाच निघाले तरी मरतच होता. सहावा काढला आणि कितीही दाबलं तरी बंद पडेना. तो सहावा मी पाचव्याशेजारी धरला. पाचव्यापेक्षा अर्ध्या तांदळाएवढा जास्त लांब होता.

दीड महिन्यापूर्वीचा तो दिवस लख्ख आठवला. पिठाचं ताट पडवीत ठेवून मी आत गेले होते आणि सासूबाईंच्या कोंबडीनं पिठासकट एक स्क्रू गिळला होता. "आता अंड्यातून निघेल," सासूबाई म्हणाल्या, नि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. मग मी डब्यातून तसाच दिसणारा एक काढला आणि पिळून बसवला. लांबी बघितलीच नाही.

त्या स्क्रूनं रोजच्या दाबानं हळूहळू बोर्डाचा हिरवा लेप खरवडला होता. खालचं तांबं उघडं पडलं होतं आणि केसासारखी एक रेघ जवळजवळ तुटली होती. या पोरीचा पेपर मी बुडवला होता.

"काय झालं ताई?"

"काय नाय. बघते." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तिच्याकडं मान वर करून बघवेना.

भिंगाखाली त्या रेघेवर बारीक तार जोडायची होती. सोल्डरिंगचा टाका शेजारच्या रेघेला लागला तर बोर्ड कायमचा गेला. धीर सुटला की मी अंगणात जाऊन यायची, तर तिथं ती मेली कोंबडी ऐटीत फिरतेय! तीनदा उठले, चौथ्यांदा तार बसली. वर लेप लावला, मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधला योग्य लांबीचा स्क्रू शोधला, आणि संध्याकाळपर्यंत दाबदाबून पाहिलं. चालला.

तिला म्हटलं, आज इथंच राहा, पेपर इथूनच दे. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. आत्ता सांगितलं तर उद्या तिचं लक्ष उडेल, अशी स्वतःची समजूत घातली. ते अर्धं खरं होतं. उरलेला अर्धा निव्वळ भित्रेपणा.

मंगळवारी अकराला ती पडवीत बसली. सासूबाईंनी कोंबडी डालग्याखाली कोंडली. मी दाराआड उभी, लक्ष तिच्या डाव्या तळहाताकडं. तो टेकला की मी पडद्याकडं बघायची. सासूबाई कानाशी आल्या, "सांगनार हायस का नाय तिला?" त्यांनी तो लांब स्क्रू कधी पाहिला देव जाणे.

पेपर पुरा झाला. ती हसत उठली आणि मी एका दमात सगळं ओकले. कोंबडी, डबा, स्क्रू, माझी चूक. आता शिव्या येतील म्हणून वाट बघत उभी राहिले.

तिनं लॅपटॉप हळूच मिटला. मग म्हणाली, "म्हंजे मी नाय मोडला?"

"नाय गो. मी मोडला."

ती पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. मग ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, "ताई, हे तुमी माझ्या बाबाला सांगाल?"

खरी भीती वाटली ती तिच्या पाड्याच्या वाटेवर. स्कूटरवर मागे ती, पुढे मी, आणि स्क्रू रुमालाच्या गाठीत. बाप कुंपण बांधत होता. मी गाठ सोडून तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. स्क्रू उलटासुलटा करून पाहिला, मग वर मान करून लेकीला म्हणाला, "जेवलीस का गो?"