बारा चिमट्यांचा तिसरा हिस्सा

"वन थर्ड ऑफ ट्वेल्व्ह," मी चौथ्यांदा म्हणालो.

गार्गीने टेबलावरच्या बारा चिमट्यांकडे पाहिलं आणि तीन उचलून माझ्या हातात ठेवले. कपडे वाळत घालायचे साधे प्लॅस्टिकचे चिमटे. यायला हवे होते चार.

"वन फोर्थ ऑफ ट्वेल्व्ह."

तिने चार दिले. यायला हवे होते तीन.

दारात शैला मॅडम उभ्या होत्या. त्या आमच्या शाळेच्या प्रायमरी कोऑर्डिनेटर. त्यांच्या हातात एक फॉर्म होता. तो कसला आहे हे मला माहीत होतं. टर्म संपायला चार आठवडे होते. शेवटच्या असेसमेंटमध्ये गार्गीला अपूर्णांक जमले नाहीत तर पालकांना बोलावून सांगायचं, की हिला तिसरीतून पुन्हा दुसरीत बसवलेलं बरं.

"सर, रोज अर्धा तास तुमच्याकडे येते ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

मी चिमटे गोळा करायला लागलो.

मी मूळचा मिरजेचा. तिथल्या एका मराठी शाळेत मी तेहतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलीने मला बेंगळुरूला आणलं, हेब्बाळला तिच्या फ्लॅटवर. आठ महिन्यांनी तिच्या कंपनीने तिला दीड वर्षासाठी सिंगापूरला पाठवलं. "बाबा, फ्लॅट रिकामा नको राहायला," ती म्हणाली. मीही तेच कारण सगळ्यांना सांगितलं. खरं तर मिरजेतही आता दार उघडायला कोणी नव्हतं.

जवळच्या एका खासगी शाळेला गणितासाठी सपोर्ट टीचर हवा होता. दिवसाला तीन तास. सपोर्ट टीचर म्हणजे वर्गात मागे पडलेल्या मुलांना अर्धा-अर्धा तास वेगळ्या खोलीत घेऊन शिकवणारा माणूस. माझी खोली जिन्याखाली होती. एक टेबल, चार छोट्या खुर्च्या, एक खिडकी. शाळेत बोलायचं फक्त इंग्रजीत, हा नियम. माझं इंग्रजी कामापुरतं. दुकानात "स्वल्प कमी माडी", म्हणजे थोडं कमी करा, एवढं म्हणण्याइतकी कन्नड मला आली होती. मराठी फक्त रविवारी, मुलीच्या फोनवर.

बेंगळुरूत मराठी माणसं नाहीत असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घराणी आहेत, मंडळं आहेत. एकदा एका मंडळाच्या कार्यक्रमाला गेलोही होतो. तिथे शेजारच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "मिसेस नाही आल्या?" त्यानंतर गेलो नाही.

आता थोडं गणिताबद्दल. अपूर्णांक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भाकरी येते. एक भाकरी, तिचे चार तुकडे, त्यातला एक म्हणजे पाव. हे मुलांना लवकर समजतं. पुढची पायरी अवघड असते. भाकरी एक नसते, वस्तू बारा असतात, आणि त्या बारांचा तिसरा हिस्सा काढायचा असतो. इथे काही मोडायचं नसतं. सगळा ढीग मिळून 'एक' समजायचा आणि त्याचे सारखे वाटे करायचे. अख्खा ढीग म्हणजे 'एक', हेच आठ वर्षांच्या मुलाला पटत नाही. म्हणून आम्ही हाताशी येईल ते वापरतो: बटणं, बाटल्यांची झाकणं, चिंचोके. मी सुरुवातीला बिस्किटं घेतली होती. गार्गीने प्रत्येक बिस्किटाचे तीन तुकडे केले, आणि माझं काही चुकलं का अशा नजरेने माझ्याकडे बघत बसली. मग शेंगदाणे आणले. ते बाकीच्या मुलांनी खाल्ले. चिमटे मोडतही नाहीत आणि खाताही येत नाहीत, म्हणून चिमटे.

बारा भागिले तीन हे गणित गार्गी वहीत बरोबर सोडवायची. पाढे पाठ होते. म्हणजे डोकं ठीक होतं. पण प्रश्न तोंडी विचारला की खालचा आकडा, ज्याला आपण छेद म्हणतो, तेवढ्या वस्तू ती उचलायची. मी चित्रं काढली. गोल काढले. "खालच्या आकड्याने भाग" असं पाठ करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच.

ती बोलायची नाही. दोन महिन्यांत मी तिच्या तोंडून 'येस सर', 'नो सर' आणि 'मे आय गो' एवढंच ऐकलं होतं. रजिस्टरवर तिचं नाव 'गार्गी एस.' असं होतं. इकडे आडनाव लिहीत नाहीत, आद्याक्षर लिहितात. त्यामुळे मुलगी कुठली ते मला कळलं नव्हतं. ॲडमिशन फॉर्मवर मातृभाषेचा रकाना असतो. तो मी पाहिला नव्हता. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती.

मॅडम फॉर्म घेऊन आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी गार्गीला चिमटे मोजायला सांगितलं आणि खिडकी लावायला उठलो. पाठीमागून पुटपुटणं ऐकू आलं.

"...नऊ, दहा, अकरा, बारा."

मी खिडकीच्या कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. 'बारा' हा शब्द त्या शहरात मी समोरासमोर कोणाच्या तोंडून ऐकला त्याला किती दिवस झाले होते, ते मला आठवेना. लगेच वळलो नाही. वळलो असतो तर तिला माझा चेहरा दिसला असता.

मग टेबलापाशी येऊन बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "गार्गी, या बारा चिमट्यांचा तिसरा हिस्सा मला दे."

तिने मान वर केली नाही. चिमटे पुढे ओढले, तीन ढीग केले, एकेक करून सारखे वाटले, आणि एक ढीग माझ्याकडे सरकवला. चार चिमटे.

"पाव हिस्सा?"

चार ढीग. एक माझ्याकडे. तीन चिमटे.

आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही आमच्यासारखं बोलता?"

"हो."

"मग आधी का नाही बोललात?"

तिचे वडील साइट इंजिनिअर होते. लातूरकडचे. काम संपलं की गाव बदलायचं. ही तिची तिसरी शाळा होती. हे सगळं तिने मला त्या अर्ध्या तासात सांगितलं, दोन महिन्यांचं साठलेलं एका दमात काढावं तसं.

घरी जाऊन मी विचार करत बसलो. एकच प्रश्न मराठीत जमतो आणि इंग्रजीत जमत नाही, असं का? शब्द तर तिला दोन्हीकडचे येत होते. मी दोन्ही वाक्यं कागदावर लिहिली तेव्हा दिसलं. मराठीत 'बारा चिमट्यांचा' आधी येतं. म्हणजे आधी ढीग समोर येतो, मग त्याचं काय करायचं ते. इंग्रजीत आधी 'थर्ड' ऐकू येतं आणि 'ट्वेल्व्ह' शेवटी. 'ट्वेल्व्ह'पर्यंत पोचायच्या आत तिचा हात तीन चिमट्यांवर गेलेला असायचा.

सकाळी आमच्या शाळेच्या आया रत्नम्माअक्कांना मी विचारलं, हे कन्नडमध्ये कसं म्हणाल? त्या झाडू थांबवून म्हणाल्या, "हन्नेरडरल्ली मूरने ओंदु भाग." हन्नेरडु म्हणजे बारा. इथेही बारा आधी.

मी शैला मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमचं म्हणणं सरी, बरोबर आहे. पण पेपर इंग्लिशमध्येच येणार. तिथे तुम्ही भाषांतर करायला नसाल."

बरोबर होतं. मग मी एक युक्ती काढली. इंग्रजी वाक्यात आधी 'ऑफ' हा शब्द शोधायचा. त्याच्या पुढे जे असेल त्यावर डावा तळहात ठेवायचा. तो ढीग. मग मागे येऊन बघायचं, किती वाटे करायचे. गार्गी चार दिवसांत शिकली. पंधराचा पाचवा हिस्सा, अठराचा सहावा. मी तोंडाने इंग्रजीत विचारायचो, आणि ती हात ठेवायची, वाटे करायची, द्यायची.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मग ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत यायला लागली. मी दार लोटून घ्यायचो, कारण आम्ही मराठीत बोलायचो. तिच्या आईने केलेली शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली. मी तिला मिरजेच्या शाळेतल्या गमती सांगितल्या. सकाळी शाळेत येताना आज तिला काय सांगायचं ते मी ठरवत यायचो. बऱ्याच दिवसांनी सकाळी उठल्यावर काहीतरी ठरवायला होतं.

दोन आठवड्यांनी मॅडम खोलीत आल्या. गार्गी नुकतीच वर्गात गेली होती.

"सर, ती डबा कुठे खाते?"

"माझ्याकडे."

"रोज?"

"रोज."

त्या छोट्या खुर्चीवर बसल्या. "क्लास टीचर म्हणतात, गणित सुधारलं. पण वर्गात अजून कोणाशी बोलत नाही. आधी निदान बाकावर बसून मुलींकडे बघायची. आता सुट्टी झाली की पळत इकडे येते. सर, राग मानू नका. हे तिच्यासाठी चाललंय की तुमच्यासाठी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"दोघांसाठी," मी म्हणालो.

"मग आता फक्त तिच्यासाठी करा," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "स्टाफरूममध्ये बसत जा ना तुम्ही. आम्ही काही चावत नाही."

दुसऱ्या दिवशी मी गार्गीला सांगितलं, उद्यापासून डबा वर्गात खायचा.

"का?"

"तसंच ठरलंय."

"तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

तिच्या वर्गातली 'नव्या' नावाची एक मुलगीही माझ्याकडे यायची. घरी कन्नड बोलणारी, आणि तीच चूक करणारी. मी चिमट्यांची पिशवी गार्गीच्या हातात दिली. "नव्याला अजून जमत नाही. सुट्टीत तिला शिकव. मला वेळ नाही." वेळ माझ्याकडे भरपूर होता.

ती पिशवी घेऊन गेली. त्या दिवशी मी डबा एकट्याने खाल्ला. जिन्यावरून मुलं धडधडत उतरत होती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दार वाजेल.

तीन-चार दिवस काही झालं नाही. पिशवी तशीच परत यायची. मग एका दुपारी रत्नम्माअक्का खोली झाडायला आल्या आणि हसत मला हाताने खुणावून घेऊन गेल्या. तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर गार्गी आणि नव्या बसल्या होत्या. नव्याचा हात चिमट्यांकडे गेला की गार्गी तो धरायची आणि अख्ख्या ढिगावर ठेवायची.

"फर्स्ट धिस," गार्गी म्हणत होती. "ऑल धिस. हन्नेरडु."

"हन्नेरडु," नव्या म्हणाली, आणि वाटे करायला लागली.

मी आत गेलो नाही. गेलो असतो तर गार्गी उठून माझ्याकडे आली असती.

असेसमेंटमध्ये दहा प्रश्न होते. गार्गीचे आठ बरोबर आले. एक चूक बेरजेची. दुसरी चूक ज्या प्रश्नात झाली तो होता 'टू थर्ड्स ऑफ नाइन'. तिने तीन लिहिलं. वाटे बरोबर केले, पण दोन वाटे घ्यायचे विसरली. ही चूक चांगली चूक आहे. वरचा आकडा, म्हणजे अंश, तेवढा राहिला. तो पुढच्या वर्षी येईल. नव्याचे सात बरोबर आले. शैला मॅडमनी तो फॉर्म फाइलला लावलाच नाही. माझ्या यादीतून दोघींची नावं कमी झाली. मी दोन्ही नावांवर स्वतः पट्टीने रेघ मारली.

टर्मच्या शेवटी गार्गीची आई भेटायला आली. जिन्याखालच्या खोलीत, छोट्या खुर्चीवर अवघडून बसली.

"सर, तुमचे उपकार. एकदा घरी जेवायला या," ती म्हणाली. "आधी ती घरी सारखं तुमचंच सांगायची. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. आता दिवसभर नव्या, नव्या, नव्या. तुमचं नावसुद्धा काढत नाही बघा."

तिला वाटलं, मला वाईट वाटेल. घाईने म्हणाली, "म्हणजे, तसं नाही..."

"चांगलंय," मी म्हणालो. चांगलंच होतं. वाईटही वाटलं.

आता गार्गी कॉरिडॉरमध्ये दिसते, नेहमी दोन-तीन मुलींबरोबर. "गुड मॉर्निंग सर," म्हणते. मीही गुड मॉर्निंग म्हणतो. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये बसतो. तिथे कन्नड चालते, मला निम्मीशिम्मी समजते. वर्कशीट आता मी नव्या पद्धतीने लिहितो: आधी 'हिअर आर ट्वेल्व्ह पेग्ज', म्हणजे हे बारा चिमटे, मग प्रश्न. चुका बऱ्याच कमी झाल्या आहेत.

नवीन शिक्षकांसाठी सांगण्यासारखं एवढंच. मुलाला आधी ढीग दाखवा, हिस्सा नंतर विचारा. आणि सपोर्ट टीचरची नोकरी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, की तुमचं काम नीट झालं की मूल तुमच्याकडे यायचं बंद होतं. इंटरव्ह्यूत हे कोणी सांगत नाही.