झुंबरबाईंचा दुसरा कॅम

पडदा वर जातो. समोर मखमलाबाद रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. मागे झेंडूचा मळा, दाराशी तोडलेल्या फुलांचे ढीग. डाव्या हाताला जुनं हिरवं ग्राइंडर, गळ्यात माळ घातलेलं. आणि मधोमध, बॉनेट उघडून, दोन दारांची लांबलचक अमेरिकन गाडी. साल १९९७, दसऱ्याची सकाळ. गाडीच्या नाकाशी काष्टा घट्ट खोचून झुंबरबाई उभ्या आहेत. दाराबाहेर एक रिकामा टेम्पो थांबलाय. तो त्यांचं ग्राइंडर न्यायला आलाय.

ग्राइंडर त्यांच्या यजमानांचं, केरू मिस्त्रींचं. इंजिनांचे दांडे घासायचं काम. केरूंना कानानं कमी ऐकू यायचं, आणि फिरता दगड लोखंडाला कधी लागला ते तर कानानंच कळतं. म्हणून बाई शेजारी उभ्या राहून सांगायच्या, "टेकला." बारा वर्षं 'टेकला, टेकला' करता करता हातांनी काम कधी उचललं ते त्यांनाच समजलं नाही. केरू गेले, बाईंनी मशीन चालू ठेवलं. पण बाईच्या हाती इंजिन द्यायला गावातले मिस्त्री कचरायचे. धाकटा दीर सावळीराम म्हणायचा, "वहिनी, मालेगावचं गिऱ्हाईक तयार हाय. मशीन द्या आणि फुलं बघा." माणूस वाईट नव्हता. पाच वर्षं मळा त्यानंच ओढला होता.

अशात शेजारचा द्राक्षबागाईतदार समाधान आला. त्याच्या वडिलांनी हौसेनं घेतलेल्या या गाडीत पुढे टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं होतं. मूळचं आठ सिलिंडरांचं इंजिन द्राक्षांच्या क्रेटखाली पडून होतं.

"मावशी, हिचं काळीज हिला परत द्यायचंय," समाधान म्हणाला. "आणि नुसतं चालायला नको, आग्रा रोडला सुटली पाहिजे. पण अमेरिकेतून सामान आणायची ऐपत नाय आपली."

"मग इथलंच करू," बाई म्हणाल्या.

वर्षभर केलं. कुर्ल्याच्या भंगारात सात पिस्टन मिळाले, आठवा तिसऱ्याच दुकानात. आठही सारख्या वजनाचे हवेत म्हणून बाई ते पिशवीत घालून सराफ बाजारात गेल्या आणि सोनाराच्या काट्यावर तोलून आल्या. सोनार हसून म्हणाला, "बाई, किती कॅरेटचे?" एक्झॉस्टचे पाइप बोअरवेलच्या पाइपातून वाकवले. आणि कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, बाईंनी स्वतः घासला. उंचवटे वेल्डिंगनं वाढवून, व्हॉल्व्ह जास्त उघडतील असे. इंजिनाचा सगळा जोर त्यात होता.

अक्षय तृतीयेला मुहूर्त केला. इंजिन सुरू केलं, लगेच बंद केलं, नारळ फोडला, आणि नव्या इंजिनाला रीत असते तसं तासभर हळूहळू चालू ठेवलं. संध्याकाळी उघडून पाहिलं तर पुढचे चार उंचवटे झिजून सपाट!

सावळीराम म्हणाला, "झालं?"

बाईंनी तो मेलेला कॅम आठवडाभर उशाशी ठेवला. मागचे उंचवटे शाबूत होते, पुढचेच का गेले? मग लक्षात आलं. कॅमला तेल मिळतं ते खालच्या क्रँकनं, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्यानं, उडवलेलं. मागे ते जास्त उडतं, पुढे कमी. हळू फिरवलं तर पुढे पोचतच नाही. म्हणजे पहिली वीस मिनिटं इंजिन जोरात, न थांबता फिरायला हवं. दुसरा कॅम मिळाला तो शेवटचा, तोही बाईंनी तसाच घासला. सावळीरामची अट एकच होती, हाही गेला तर दसऱ्याला मशीन टेम्पोत चढेल. आज तोच दसरा होता.

"मुहूर्ताला सुरू करा, बंद करा, मी नारळ फोडते, मग चालवा," समाधानची आई तानुबाई ताट घेऊन म्हणाली.

"तानुबाई, नारळ वीस मिनिटांनी. तोवर कुणी बॅटरीच्या वायरीला हात लावायचा नाय."

"अगं पण देवाचं..."

"देवाला आज थांबायला सांग."

बाईंनी कार्बुरेटरचा दांडा हाताने धरला, समाधाननं वायर जोडली. शेड हादरली. पत्रे वाजायला लागले, ढिगातला झेंडू घरंगळला. आरपीएमचा काटा अडीच हजारांवर, आणि बाईंची बोटं त्या दांड्यावर. बोट सैल झालं की वेग पडणार, वेग पडला की कॅम संपणार.

पाच मिनिटं गेली. आठ गेली. समाधान घड्याळ धरून ओरडून सांगत होता. अकराव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला. रेडिएटरच्या झाकणाशी वाफ दिसली.

"मावशी, बंद करू?"

"नाय!"

बाराव्या मिनिटाला पुढून बारीक टकटक यायला लागली. सावळीरामनंही ती ऐकली. तो चटकन बॅटरीपाशी गेला आणि त्यानं वायर मुठीत धरली. "वहिनी, इंजिन फुटंल! हात जाईल तुमचा!"

बाईंना हलता येत नव्हतं. दोन पावलांवर दीर, हातात वायर, आणि त्यांच्या हातात तो दांडा. त्यांनी डोळे मिटले. मान कलती करून ऐकलं, जशा बारा वर्षं केरूंच्या शेजारी ऐकत होत्या. टकटक उंचवट्याची नव्हती. बोअरवेलच्या पाइपाचा जोड सुटून हवा फटफटत होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मी 'टेकला' म्हटलं की उपसा. अजून म्हटलेलं नाय."

सावळीराम थबकला. त्या शेडमध्ये हा शब्द त्यानं हजारदा ऐकला होता. तो कधी चुकीचा निघाल्याचं त्याला आठवेना. मूठ तशीच राहिली, पण वायर निघाली नाही.

"समाधान, बाहेर तुझा ट्रॅक्टर हाय ना फवारणीचा? ब्लोअरचा पंखा फिरव इकडं! रेडिएटरवर!"

समाधान पळाला. ब्लोअर घुमला आणि दारातून धुक्याचा लोट आत आला. टाकीत सकाळच्या फवारणीचं उरलेलं मोरचुदाचं निळं पाणी होतं. रेडिएटर निळा झाला, तानुबाईचं ताट निळं झालं, आणि दसऱ्याचा पांढराशुभ्र सदरा घातलेला सावळीराम डोक्यापासून चपलांपर्यंत निळा झाला. वायर मुठीत धरून तो तसाच उभा.

काटा लाल रेघेला टेकून थांबला. मग हळूच मागे आला.

"अठरा!" समाधान ओरडला. "एकोणीस!... मावशी, वीस!"

"काढा भावजी."

शांतता इतकी अचानक आली की सगळ्यांचे कान भणभणले. तानुबाईनं नारळ हातातच धरून ठेवला. अजून काहीच ठरलं नव्हतं. बाईंनी केरूंचं जुनं धोतर घमेल्यावर पसरलं, त्यावर इंजिनातलं गरम तेल सोडलं, त्यातून लोहचुंबक फिरवलं आणि ते उन्हात धरलं. काळं तेल. चमक नाही, म्हणजे लोखंडाचा कीस नाही. मग वरचं झाकण उघडून, इंजिन हाताने फिरवत, मागच्या वेळी मेलेले पुढचे चार उंचवटे डायल लावून मोजले. एक. दोन. तिसरा दोनदा मोजला. चार.

चारही बाईंनी घासून ठेवले होते तेवढेच उंच होते.

तानुबाईनं नारळ फोडला. समाधान गाडीच्या निळ्या मडगार्डवर डोकं टेकून हसत होता की रडत होता, कळेना. सावळीराम दारातल्या टेम्पोकडे बघत चेहरा पुसू लागला.

झुंबरबाईंनी धोतराला हात पुसले, दाराशी जाऊन फुलांच्या ढिगातली एक टोपली उचलली आणि दिराच्या निळ्या हातांत दिली.

"भावजी, टेम्पो रिकामा नेऊ नका. झेंडू भरा आणि गंगेवरच्या बाजारात लावा, दुपारनंतर भाव पडतो."