रंगाऱ्याच्या घरचा फोन

परक्या देशात पाऊल ठेवलं आणि रंगाऱ्याच्या अंगात साहेब संचारला. भिंती रंगवायचा लोकांच्या, पण खरी रंगरंगोटी केली स्वतःची. हसणं बदललं, चालणं बदललं, शिंकसुद्धा तिथल्यासारखी देऊ लागला. बायको मनात म्हणायची, सरडा परवडला, तो निदान जीव वाचवायला रंग बदलतो.

ती काही जुन्याला कवटाळून बसली नव्हती. पडदे शिवायच्या कारखान्यात जाऊन तिथली भाषा ती नवऱ्याच्या आधी शिकली. त्या भाषेत भांडायचीसुद्धा, आणि जिंकायची. पण घरात पाऊल टाकलं की आपली बोली. नवऱ्याला तीच खुपायची. "गावंढळ वाटतं," म्हणायचा. ज्या बोलीत आईने घास भरवले, तिची लाज! तिला त्याची शिसारी यायची.

त्या सुट्टीच्या दिवशी त्याचा मुकादम चहाला येणार होता. नेमका त्याच दुपारी रंगाऱ्याच्या आईचा फोन यायचा होता. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला मुलाचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

"मुकादमासमोर आपल्या भाषेत अवाक्षर काढायचं नाही," नवऱ्याने बजावलं.

"आणि आईंचा फोन आला तर?"

"मी बघतो ना."

मुकादम आला. साधा माणूस, चहा फुंकून फुंकून पीत होता. तो काहीही बोलला तरी रंगारी नंदीबैलासारखी मान डोलवत होता. तेवढ्यात फोन वाजला. रंगाऱ्याने तो उचलला, टाय सारखा केला आणि मुकादमाच्या भाषेत, आवाजही साहेबी काढून, ऐटीत सांगितलं की आपण कामात आहोत. आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

पलीकडून म्हातारीचा घाबरा आवाज खोलीभर ऐकू आला. "माफ करा हं साहेब, चुकून तुम्हाला लागला वाटतं. मला माझ्या मुलाशी बोलायचं होतं."

फोन बंद झाला. रंगाऱ्याने चक्क सुटकेचा श्वास सोडला. "राँग नंबर," तो मुकादमाला हसत म्हणाला.

बायकोने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला, परत लावला आणि मुकादमाच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, मी बोलतेय. नंबर बरोबरच लागला होता."

"अगंबाई! मग मघाशी तो साहेब कोण होता गं?"

तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोणी नाही, आई. तुम्ही बोला."