‘हाव’चं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापुढे तर मी न केलेल्या गोष्टीसुद्धा कबूल करून मोकळा झालेलो आहे. तुम्ही लातूरकडचे असाल तर हे वाचून हसाल. पुण्याचे असाल तर — बघू.

तेव्हा मी लातुरात एका शिकवणीसाठी प्रश्नपत्रिका काढायचो. गल्लोगल्ली डॉक्टर तयार होत होते, निदान फलकांवर तरी. टॉपरांचे फोटो पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फोटोंहून मोठे लागायचे. माझं काम चार पर्यायांचं. एक बरोबर, दोन फालतू आणि एक फसवा. फसव्या पर्यायात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे लक्षात असू द्या.

त्याच शिकवणीच्या नोट्ससाठी हृदयाच्या, बेडकाच्या आकृत्या काढणारा सलीम माझा दोस्त. आम्ही दोघांनी मिळून एक गेम केला. पळापळ नाही, गोळीबार नाही. पडद्यावर चित्र, खाली गोष्ट, आणि मध्येच दोन बटणं. जे दाबाल तिकडं गोष्ट वळते. चित्रं त्याची, लिखाण माझं. औशाकडच्या खेड्यातला एक पोरगा लातुरात शिकवणीला येतो, होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचे वडील भूकंपापासून स्लॅबखाली झोपत नाहीत. ते फोनवर विचारतात, “मी येऊन जाऊ का रं एखाद दिस?” खाली बटणं — ‘हाव’ आणि ‘न्हाई’.

‘न्हाई’ दाबलं, तर वडील स्टँडवरच कुणाच्या तरी हाती डबा देऊन माघारी जातात. ‘हाव’ दाबलं, तर ते येतात आणि शेवटच्या चित्रात पोराच्या कॉटशेजारी, स्लॅबखाली, तोंड उघडं टाकून घोरत पडलेले दिसतात.

हे चित्र सलीमनं किती वेळा पुसून पुन्हा काढलं! कारण ते वडील म्हणजे त्याचेच अब्बा. टेलरिंगचं दुकान, गोड स्वभाव, आणि भूकंपापासून बाज कायमची अंगणातल्या पत्र्याखाली. प्रत्यक्षात ते घरात झोपायला तयार नव्हते, म्हणून सलीमनं त्यांना चित्रात झोपवलं. “लोकायनी बाकी काही न्हाई बघितलं तरी चालतंय मास्तर,” तो म्हणायचा, “पण हे येक बघावं.”

गेम आम्ही फुकट सोडला. आणि लोक रडले! पुण्या-मुंबईहून लांबच लांब अभिप्राय आले. पण सगळे रडत होते ते स्टँडवरच्या डब्यापाशी. कोणतं बटण किती दाबलं जातं, हे मला दिसायचं. लातूर-नांदेड-देगलूरकडची आमची मूठभर मंडळी सोडली, तर जो तो ‘न्हाई’. एका बापाला पोराकडं येऊ न देण्याइतके लोक निर्दय असतात का?

उलगडा एका समीक्षेनं केला. ‘यशाची हाव मुलाला खुणावते आणि तो तिला अस्सल ग्रामीण बाण्यानं न्हाई म्हणतो. शिकवणीच्या बाजारावर याहून जळजळीत भाष्य कोणतं?’

हाव म्हणजे लोभ! तिकडं आमचा साधा होकार कुणाला कळलाच नव्हता. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. सलीमला सांगायला फोन उचलला — आणि खाली ठेवला. का ठेवला? समीक्षेत माझं नाव होतं, आणि नावाआधी ‘प्रतिभावान’ असा शब्द होता.

मग पुण्यात सत्कार. अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन असल्यामुळं सलीम आला नाही. शाल, नारळ आणि ज्यांनी गेम उघडूनही पाहिला नसावा असे अध्यक्ष. अशा समारंभांची टिंगल करण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. पण शाल उबदार होती. ते समीक्षक उभे राहिले. “हा श्लेष आपण जाणीवपूर्वक साधलात ना?”

आता बघा. जन्मापासून मी ‘हाव’ म्हणत आलोय. आईला, गुरुजींना, कंडक्टरला. त्या दिवशी सवयीनं ‘हाव’ निघालं असतं, तर सगळं आपोआप उघडं पडलं असतं. मी म्हणालो — “हो.” स्वच्छ, पुणेरी. टाळ्या पडल्या.

लातूरच्या स्टँडवर सलीम गाडी घेऊन उभा होता. शालीकडं पाहिलंही नाही त्यानं. “का रं मास्तर, बघितलं का लोकायनी? अब्बा झोपलेले?”

“हाव,” मी म्हणालो.

“समद्यांनी?”

“समद्यांनी. रडले लोक.”

लोक रडले, हे खरंच होतं. फसवा पर्याय असाच लिहायचा असतो — अर्धा खरा.

सलीमनं ते अब्बांना सांगितलं. अब्बांनी डोळ्यावर पट्टी असतानाच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आणि मग एके दिवशी त्यांनी बाज उचलून घरात नेली. सलीम बघतच राहिला. अब्बा म्हणाले, “पूना के लोगां मेरेकू अंदर सोया हुआ देख लिए. अब बाहर सोया तो क्या बोलेंगे?”

ही बातमी सलीम पेढे घेऊन मला सांगायला आला. मी पेढा खाल्ला. तो म्हणाला म्हणून आणखी एक खाल्ला.

यामुळं माझं खोटं चांगलं ठरतं, असं मी म्हणत नाही. अब्बा आत गेले ते त्यांच्या हिमतीवर. आणि ज्यासाठी सलीम राबला, ते चित्र पुण्यात कुणी पाहिलेलंच नाही. बटणावर ‘हाव’च्या जागी ‘हो’ लिहिणं हे चहा निवायच्या आत होणारं काम आहे. पण मग श्लेष जातो, समीक्षा जाते, शालीचं काय करायचं ते कळत नाही.

बटण अजून तसंच आहे. हाव म्हणजे लोभ, हे त्या समीक्षकांचं वाचन तसं बरोबरच होतं. फक्त ती हाव त्या पोराची नव्हती.